खिडकी मिळाली, पण कुठल्या बाजूची?

दिल्लीहून लंडनला दुपारचं विमान असेल आणि डोळ्यांवर ऊन नको असेल, तर उजवीकडची खिडकी घ्या. लंडनहून दिल्लीला रात्रीचं विमान असेल, तरीही उजवीकडचीच घ्या. ‘जाताना उजवी, म्हणजे येताना डावी’ असा हिशोब बहुतेक जण मनातल्या मनात करून मोकळे होतात आणि मग पहाटे ऐन झोपेत डोळ्यांवर ऊन घेतात. परतीला दिशा उलटते हे खरं, पण वेळही बदलते. दोन्ही बदललं की उत्तर पुन्हा तेच येऊ शकतं.

इंदूरकरांना हा हिशोब एकदा करून भागत नाही. इथून युरोप-अमेरिकेला थेट विमान नाही. आधी दिल्ली किंवा मुंबई, मग मोठं उड्डाण, कधी पुढे तिसरंही. प्रत्येक टप्प्याची बाजू वेगळी काढायची. एकदा रीत कळली की दहा मिनिटांचं काम आहे, आणि सीटचे जादा पैसे भरण्याआधी ती दहा मिनिटं नक्की द्यावीत.

आधी अक्षरं

विमानाच्या नाकाकडे तोंड करून बसलं की डावीकडची खिडकी म्हणजे ‘ए’. यात सहसा बदल नसतो. उजव्या खिडकीचं अक्षर मात्र विमानाप्रमाणे बदलतं. इंदूरहून उडणाऱ्या एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ मध्ये एका ओळीत तीन-तीन सीट असतात, म्हणून उजवी खिडकी ‘एफ’. रुंद विमानांत ती बहुधा ‘के’ असते, काही कंपन्यांकडे ‘जे’ किंवा ‘एल’. मधलं ‘आय’ गाळलेलं असतं, कारण ते १ या आकड्यासारखं दिसतं.

फोनवर सीट निवडताना सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. नकाशात नाक वर असेल तर ‘ए’ डावीकडे दिसते, काही प्रश्न नाही. पण काही संकेतस्थळांवर विमान आडवं काढलेलं असतं. नाक डावीकडे असेल तर ‘ए’ची रांग खालच्या काठाला येते, उजवीकडे असेल तर वरच्या. तेव्हा चित्राची डावी-उजवी बघू नका, अक्षर बघा.

बशी, चमचा आणि जिलबी

होकायंत्र, ॲप, काही लागत नाही. सकाळच्या पोह्यांची बशी संपवून समोर ठेवा. बशीचा वरचा काठ उत्तर, उजवा काठ पूर्व, खालचा दक्षिण, डावा पश्चिम. चमचा म्हणजे विमान: पसरट भाग नाक, दांडी शेपूट. जिलबीचा एक तुकडा राखून ठेवा, तो सूर्य.

चमच्याचं तोंड विमान जाईल त्या दिशेला करा. दिल्लीहून लंडन नकाशावर नुसतं पश्चिमेला वाटतं, पण सगळ्यात जवळची वाट वायव्येला निघते, म्हणजे बशीच्या वरच्या-डाव्या कोपऱ्याकडे. आता जिलबी ठेवायची. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. ढोबळमानाने सकाळी सहाला पूर्व, नऊला आग्नेय, बाराला दक्षिण, तीनला नैर्ऋत्य, सहाला पश्चिम. दुपारी दोनचं उड्डाण असेल तर जिलबी दक्षिण आणि नैर्ऋत्य यांच्या मध्ये येते. चमच्याच्या दांडीकडून नाकाकडे बघा: जिलबी डाव्या हाताला आहे. म्हणजे ऊन ‘ए’वर, सावली ‘के’वर.

आता तेच तीन तासांनी करा, मग सहा तासांनी. प्रत्येक वेळी चमचा थोडा वळवायचा आणि जिलबी थोडी सरकवायची. फक्त एक पथ्य पाळा: वेळ विमानाच्या खालच्या जागेची धरायची, आपल्या मनगटावरची नाही. रेखांशाचे १५ अंश पश्चिमेला गेलात की घड्याळ एक तास मागे. दिल्लीहून निघून सहा तास झाले म्हणजे मनगटावर रात्रीचे आठ, पण विमान काळ्या समुद्राच्या आसपास असेल तर तिथे संध्याकाळचे पाचच. जिलबी अजून डावीकडेच.

(जाता जाता: हा फरक इंदुरातही आहे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. उज्जैन-इंदूर ७५.८ च्या आसपास. म्हणून आपला खरा मध्यान्ह घड्याळात साधारण १२ वाजून २७ मिनिटांनी होतो, ऋतूप्रमाणे थोडा मागेपुढे. जुन्या ज्योतिर्विदांचा मूळ रेखांश उज्जैनवरून जायचा. त्यांच्या हिशोबात ही २७ मिनिटं नव्हतीच.)

महिन्याचा परिणाम सकाळ-संध्याकाळ जास्त जाणवतो. इंदूरच्या अक्षांशावर जूनच्या शेवटी सूर्य ठीक पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला मावळतो, डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. इंदूरहून आखाताकडे विमान पश्चिमेच्या जेमतेम १० अंश उत्तरेला झुकून जातं. त्यामुळे संध्याकाळच्या त्याच उड्डाणात जूनमध्ये मावळतीचं ऊन उजव्या बाजूने समोरून येतं आणि डिसेंबरात डाव्या बाजूने. मार्ग तोच, वेळ तीच, बाजू उलट. ‘मागच्या वेळी उजवीकडे छान सावली होती’ असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, कधी गेला होतात?

दुपारी बाराच्या आसपास, त्यातून उन्हाळ्यात, फार डोकं चालवू नका. सूर्य डोक्यावर असला की खिडकीतून ऊन सरळ आत शिरतच नाही. त्रास देतो तो खाली उतरलेला सूर्य.

सपाट नकाशा फसवतो

भिंतीवरच्या नकाशात दिल्ली ते न्यूयॉर्क म्हणजे पश्चिमेला सरळ रेघ. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोरा ताणून बघा, नसेल तर संत्र्यावर. दोरा उत्तरेला चढतो. दिल्लीहून न्यूयॉर्कची सर्वांत जवळची वाट निघते तीच मुळी उत्तर-वायव्येला, साधारण ३३७ अंशांवर (उत्तर शून्य धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मोजलेले), आणि ७० अक्षांशापर्यंत चढून मग खाली उतरते. म्हणजे विमानाचं तोंड आधी उत्तरेला, मध्ये पश्चिमेला आणि शेवटी नैर्ऋत्येला. एकाच उड्डाणात बशीवरचा चमचा जवळजवळ अर्धगोल फिरतो.

आता ही झाली भूमितीची वाट. प्रत्यक्षातली वेगळी असू शकते आणि हल्ली असतेच. २०२२ पासून युरोपच्या आणि अमेरिकेच्या कंपन्या रशियावरून जात नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांसाठी आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून आपली विमानं दिल्लीहून आधी नैर्ऋत्येला, गुजरात आणि अरबी समुद्राकडे जाऊन मग वर वळायला लागली. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान तर पूर्वेकडे निघून पॅसिफिक ओलांडूनही जातं, कारण उंचावरचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि तो पाठीशी घेतला तर इंधन वाचतं. पूर्वेकडून गेलं तर दिवसाचं ऊन उजवीकडे आणि सावली ‘ए’कडे. अमेरिकेचीच दोन तिकिटं, पण उत्तरं उलट.

म्हणून अंदाज बांधत बसू नका. फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर आपल्या विमानाचा क्रमांक टाका आणि मागच्या चार-पाच दिवसांच्या रेघा बघा. एकच दिवस बघू नका. वाऱ्यामुळे वाट रोज थोडी सरकते. रेघेवर दर दोन-तीन तासांनी विमान कुठे होतं ते कागदावर मांडा आणि तितक्या वेळा बशी फिरवा. सोळा तासांच्या उड्डाणाला सहा नोंदी पुरतात.

उत्तरेकडच्या वाटेवर उन्हाळ्यात आणखी एक फटका बसतो, आणि तो नेमका हिशोब करणाऱ्यालाच बसतो. ‘सूर्य दक्षिणेला असतो, म्हणून उत्तरेची खिडकी घेतली’ हे गणित दिवसाचं आहे. ६६.५ अक्षांशाच्या वर जूनमध्ये सूर्य मावळतच नाही, आणि मध्यरात्री तो असतो ठीक उत्तरेला, क्षितिजाजवळ, सरळ डोळ्यांत. समजा, मध्यरात्रीनंतर दिल्लीहून निघालेलं न्यूयॉर्कचं विमान जूनमध्ये उत्तरेच्या वाटेने गेलं. चार-साडेचार तासांत ६० अक्षांशाच्या आसपास पहाट गाठते आणि ऊन ईशान्येकडून, म्हणजे उजव्या खिडकीतून येतं. मध्ये काही तास सूर्य शेपटीमागे राहतो, कुणालाच त्रास नाही. शेवटचे तीन-चार तास, कॅनडावरून खाली उतरताना, तो डावीकडे येतो. अशा वेळी स्वतःला विचारा, झोप कधी लागते? निघाल्यावर लगेच झोपणाऱ्याने डावी घ्यावी, उशिरा झोपणाऱ्याने उजवी.

उंचीचाही भाग असतो. ११ किलोमीटरवरून क्षितिज सुमारे ३७५ किलोमीटर लांब आणि तीन अंशांहून थोडं अधिक खाली दिसतं. म्हणून जमिनीवर सूर्य मावळल्यानंतरही विमानात तो बराच वेळ दिसत राहतो. त्यातून पश्चिमेला जात असाल तर विचारूच नका. ६० अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे ८३५ किलोमीटरने फिरतो आणि विमान ९०० च्या आसपास उडतं. सूर्य जागेवर खिळल्यासारखा होतो, सूर्यास्त तासन् तास रेंगाळतो. फोटोवाल्यांची चंगळ, झोपणाऱ्यांचे हाल.

लंडनहून परतीचं गणित आता सोपं आहे. विमान रात्री निघतं, आग्नेयेला येतं, सकाळी दिल्लीत उतरतं. उजाडतं ते उन्हाळ्यात डावीकडून, हिवाळ्यात जवळजवळ समोरून. उजवी खिडकी दोन्ही ऋतूंत वाचते. म्हणून पुन्हा ‘के’.

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की विषुववृत्ताच्या खाली बऱ्यापैकी उतरलात की दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. दिल्लीहून मेलबर्न-सिडनीकडे तोंड आग्नेयेला, म्हणजे उगवतीचं ऊनही डावीकडे आणि नंतरचं उत्तरेचं ऊनही डावीकडेच. झोपायचं तर उजवी. पण सिडनीला उत्तरेकडून १६ नंबरच्या धावपट्टीवर उतरलात तर बंदर आणि पूल डावीकडून दिसतो. दोन्ही मिळणार नाही, ठरवा काय ते.

इंदूरचे छोटे टप्पे

इंदूर–दिल्ली जवळपास उत्तरेला. सकाळी ऊन उजवीकडे, संध्याकाळी डावीकडे. सकाळच्या विमानात ‘ए’ घेतली तर सावलीही मिळते आणि हिवाळ्यातल्या स्वच्छ हवेत डाव्या हाताला गांधीसागरचा पसाराही दिसू शकतो.

इंदूर–मुंबई नैर्ऋत्येला. सकाळी ऊन डावीकडे, संध्याकाळी उजवीकडे. पण निघाल्यावर पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत नर्मदा ओलांडली जाते आणि महेश्वरकडचा नदीचा पट्टा डावीकडे राहतो. तासाभराच्या विमानात थोडं ऊन लागलं म्हणून काय बिघडतं? आम्ही तरी इथे डावीच सांगू. मुंबईत विमान बहुतेक वेळा पूर्वेकडून येऊन २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरतं. तेव्हा उजवीकडे पवई तलाव आणि त्यामागची डोंगररांग.

परत येताना इंदूरला पश्चिमेचं वारं असलं की विमान शहरावरून येऊन उतरतं. विमानतळ शहराच्या पश्चिमेला, म्हणून राजवाडा-सराफ्याचा दाट भाग शेवटच्या दोन मिनिटांत डाव्या खिडकीतून जातो. रात्री उतरत असाल तर ती बाजू सोडू नका.

एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान, आलं तर बाजूपेक्षा दुसरीच सोय बघा. त्याचे पंख छताच्या वर असतात, त्यामुळे जवळजवळ कुठल्याही ओळीतून जमीन मोकळी दिसते. फक्त पुढच्या ओळींत पंख्याची पाती नजरेत येतात आणि आवाजही तिथेच जास्त. पुण्याला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की लोहगाव हा वायुदलाचा तळ आहे. जमिनीवर असताना खिडकीतून फोटो काढायचे नाहीत, आणि शेड खाली करायला सांगितलं तर करायची.

सावलीची बाजू म्हणजे फक्त झोपेची बाजू नव्हे

सूर्याकडच्या खिडकीतून सूर्योदय दिसतो, पण बाकी सगळं चमकून पांढरं होतं. डोंगर, शहरं, नद्या बघायच्या तर सूर्य पाठीमागे हवा. आणि एक गोष्ट तर फक्त सावलीच्या बाजूलाच दिसते: इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यात ज्याच्यासाठी लोक तासन् तास उभे राहतात, ते विमानातून बऱ्याचदा आयतं मिळतं. खाली ढगांची सपाट चादर असली आणि सूर्य दुसऱ्या बाजूला असला की ढगांवर विमानाची सावली पडते आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याची पूर्ण गोल कडी. जवळचे ढग असले, म्हणजे चढताना किंवा उतरताना, तर सावली मोठी आणि स्पष्ट दिसते. कडीचा मध्य नेमका कुठे आहे बघा: तुम्ही पंखापुढे बसला असाल तर तो सावलीच्याही पुढच्या भागात असतो. प्रत्येक प्रवाशाचं इंद्रवज्र त्याच्या स्वतःच्या सीटभोवती असतं.

संध्याकाळी याच बाजूला क्षितिजावर निळसर-राखी पट्टा वर चढताना दिसतो आणि त्याच्यावर गुलाबी कड. तो पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःचीच सावली.

हिमालयासाठी दिल्लीहून काठमांडू, बागडोगरा किंवा गुवाहाटीला जाताना डावी, येताना उजवी. इथे मात्र उलटापालटीचा सोपा नियम चालतो, कारण डोंगर जागचे हलत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सकाळचं विमान घ्या. दुपारपर्यंत ढग चढतात.

उत्तर ध्रुवीय प्रकाश, म्हणजे अरोरा, बघायचा असेल तर न्यूयॉर्क-टोरांटोहून रात्री निघून पूर्वेकडे येणारी परतीची उड्डाणं उत्तम. उत्तर डावीकडे, म्हणजे ‘ए’. सप्टेंबर ते मार्च. सूर्याच्या सध्याच्या चक्राचा जोर २०२४ मध्ये टिपेला होता, त्याच वर्षी मे महिन्यात लडाखच्या हानलेहूनही लाल प्रकाश टिपला गेला. टिपेनंतरची काही वर्षंही चांगली जातात. निघाल्यावर दीड-दोन तासांनी बघायला लागा. डोक्यावरून शाल घ्या, काचेला चिकटा आणि डोळ्यांना पंधरा-वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. मध्ये एकदा जरी समोरचा स्क्रीन चालू केलात तरी पुन्हा पहिल्यापासून. हिरवी झाक डोळ्यांना आधी राखाडी ढगासारखी वाटते, फोनला ती लवकर हिरवी दिसते. तारीख निवडण्याची मुभा असेल तर कालनिर्णय काढा: अमावस्येच्या आसपास अरोरा आणि तारे, पौर्णिमेच्या आसपास बर्फाचे डोंगर. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणजे मध्यरात्री दक्षिणेला. त्याच्यासाठीही तीच बशी.

उतरतानाचा देखावा वाऱ्याच्या हातात असतो, त्यावर जादा पैसे लावू नका. लंडनच्या हीथ्रोला पश्चिमेचं वारं असलं, आणि बहुतेक वेळा असतं, तर विमान शहरावरून येतं आणि थेम्स, टॉवर ब्रिज उजवीकडे दिसतात. न्यूअर्कला उत्तरेकडून उतरलात तर मॅनहॅटन डावीकडे, दक्षिणेकडून उतरलात तर उजवीकडे.

बाजू बरोबर, ओळ चुकली

बाजू अचूक काढून लोक पंखावर बसतात. ए-३२० मध्ये साधारण १० ते २० या ओळींतून खाली बघितलं तर पांढरा पत्राच दिसतो. रुंद विमानांत मधला जवळजवळ एक तृतीयांश भाग असाच जातो. शक्यतो पंखापुढे बसा. पंखामागूनही जमीन दिसते, पण इंजिनाच्या गरम झोतातून फोटो काढला की पाण्यातून काढल्यासारखा थरथरतो.

दुसरा धोका म्हणजे खिडकीच नसलेली खिडकीची सीट. बोइंग ७३७ मध्ये पंखाच्या थोडं पुढे हवेची नळी भिंतीतून वर जाते, तिथे डावीकडे नुसती भिंत. ही ओळ कंपनीप्रमाणे बदलते, त्यामुळे आपल्या विमानाच्या नकाशावरच्या खुणा आणि प्रवाशांचे शेरे वाचा. आणि खिडकी असूनही ती खांद्याच्या मागे किंवा पुढच्याच्या पाठीशी का येते, त्याचं कारण साधं आहे. खिडक्या सांगाड्याच्या कड्यांमध्ये बसवलेल्या असतात, एअरबसमध्ये २१ इंचांवर, ७३७ मध्ये २० इंचांवर. सीटांमधलं अंतर कंपनी ठरवते, २८ ते ३२ इंच. दोन्हींचा मेळ बसत नाही. एका ओळीला दोन खिडक्या मिळतात, पुढच्या ओळीला दोन अर्ध्या.

बोइंग ७८७ ची खिडकी मोठी, सुमारे २७ बाय ४७ सेंटिमीटर. पण तिला ओढायची शेड नसते. खाली एक बटण असतं आणि काच हळूहळू निळी-काळी होत जाते. पूर्ण काळी केली तरी सूर्य समोर असेल तर निळसर गोळा दिसत राहतो आणि गालाला ऊब लागते. शिवाय कर्मचारी सगळ्या काचा एकदम काळ्या करून ठेवू शकतात. म्हणून झोपेसाठी बाजू नीट निवडण्याची सर्वांत जास्त गरज याच विमानात. सोबत डोळ्यांवरची पट्टी ठेवा.

फोटोसाठी थोडंसं. खिडकीत तीन थर असतात. मधल्या थराला खाली बारीक भोक असतं आणि थंडीत त्याच्याभोवती बर्फाची नक्षी धरते. त्या नक्षीच्या वरून लेन्स धरा. लेन्स काचेच्या अगदी जवळ न्या, पण हात भिंतीला टेकवू नका, कंप फोटोत उतरतो. फ्लॅश बंद. पोलराइज्ड गॉगल किंवा तसाच फिल्टर लावला तर प्लॅस्टिकच्या थरात इंद्रधनुषी पट्टे दिसतील. काच खराब नसते, गॉगल काढा.

आई-बाबांची सीट

मुलांकडे पहिल्यांदा निघालेल्या ज्येष्ठांसाठी तिकीट काढणारी मुलं हौसेने खिडकी घेतात. पंधरा तासांत पाच वेळा उठायचं असतं आणि दर वेळी दोन झोपलेल्या माणसांना ओलांडायचं असतं. मग ते पाणीच पिणं टाळतात आणि पाय सुजतात. दोघं असतील तर ज्या विमानात खिडकीकडे दोनच सीट असतात ते शोधा. ए-३३० मध्ये दोन-चार-दोन अशी रचना असते. काही ७७७ मध्येही शेपटीकडे सांगाडा निमुळता होतो तिथे शेवटच्या दोन-तीन ओळींत खिडकीकडे दोनच सीट मिळतात. तिथे एकाला खिडकी, एकाला वाटेकडची (आइल) सीट.

गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर खिडकी सोडा आणि वाटेची बाजू गुडघ्याप्रमाणे ठरवा. उजवा पाय लांब करायचा असेल तर ‘सी’, कारण तिची वाट उजवीकडे आहे. डावा पाय असेल तर उजव्या गटातली ‘एच’, जिची वाट डावीकडे. मात्र खाण्याची गाडी येताना पाय आत घ्यायचा, नाहीतर नवा गुडघा आणि लोखंडी गाडी यांची गाठ पडते.

झोपेची आणखी एक खूण: डाव्या खिडकीत डोकं डावीकडे टेकतं, उजव्या खिडकीत उजवीकडे. मान एका बाजूला धरत असेल तर सूर्याचा हिशोब बाजूला ठेवा.

सीट घेतल्यानंतर

सीट निवडली की काम संपत नाही. विमान बदललं की सीटही बदलते, आणि ‘के’ची ‘एफ’ होते, म्हणजे रुंद विमानात सरळ मधल्या रांगेत. एका कंपनीच्या संकेतस्थळावर तिकीट आणि विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर निवडलेली सीट पुढे पोचलेलीच नसते. अशा वेळी उडवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर तिचा स्वतःचा आरक्षण क्रमांक टाकून बघा. तो आपल्या तिकिटावरच्या क्रमांकापेक्षा वेगळा असू शकतो. निघण्याच्या तीन दिवस आधी एकदा आणि वेब चेक-इन उघडल्या उघडल्या एकदा तपासा. पैसे भरलेली सीट गेली असेल तर पावती हाताशी ठेवून काउंटरवर मागा. नुसतं ‘विंडो दे दीजिए’ म्हणू नका, अक्षर आणि ‘पंखापुढची’ असं दोन्ही सांगा.

दोघांनी ‘ए’ आणि ‘सी’ घेऊन मधली रिकामी राहील अशी आशा करणं गर्दी नसलेल्या महिन्यांतच फळतं. मधे कुणी आलंच तर त्याला वाटेची सीट द्या, मधली सोडायला कुणी नाही म्हणत नाही.

आणि इंदूरच्या काउंटरवर सामान टाकताना पुढच्या टप्प्याचा बोर्डिंग पासही तिथेच मिळत असेल तर तो हातात घेऊन अक्षर वाचा. चूक निघाली तर तिथेच सांगा. दिल्लीत उतरून, टर्मिनल बदलून, इमिग्रेशनच्या रांगेतून बाहेर पडेपर्यंत उजवीकडच्या खिडक्या संपलेल्या असतात.